पॉवर स्टेशन घेतलंय? लाईट जायच्या आधीच त्याची परीक्षा घ्या

परभणीत मोटार वाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं माझं दुकान आहे. पूर्वी उन्हाळा तोंडावर आला की गिऱ्हाईक विचारायचं, "ट्युब्युलर बॅटरी कोणती घेऊ?" आता एखादा मोबाईल पुढं करतो आणि त्यावरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन दाखवतो, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच खोक्यात असलेली, उचलून न्यायची पेटी, "हे चालंल का हो घरात?" चालंल की. पण कशावर आणि किती वेळ, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते तुमच्या घरात, तुमच्या पंख्या-फ्रिजवरच कळतं. परत करायची मुदत मोजक्या दिवसांची असते. लोक पेटी उघडतात, मोबाईल चार्ज होतोय एवढं बघतात आणि कपाटात सारून देतात. मग मे महिन्यात गल्लीतली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की पेटी बाहेर निघते, आणि तासाभरात मला फोन येतो, "कामून बंद पडली ओ ही?"

ही पेटी कुणाच्या कामाची, ते आधी सांगून टाकतो. स्वतःचं घर आहे, चार खोल्यांचे पंखे रात्रभर चालवायचेत, तर साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आजही पैशाला भारी पडते. भाड्याचं घर, लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेली पोरं, शेतातला आखाडा, घरात रोज मशीन लागणारं आजारी माणूस, जिथं भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही किंवा पेटी उचलून न्यायची आहे, तिथं हिला तोड नाही. अमेरिकेतल्या पाहुण्यांकडून मागवायचा विचार मात्र सोडा. १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, आणि तिथली पेटी १२० व्होल्टची असते.

आधी कागदावर, मग काट्यावर

खोक्यावर शोधायचा आकडा एकच, वॉट-अवर. हजार वॉट-अवर म्हणजे तुमच्या लाईटबिलातलं एक युनिट. म्हणजे ५१२ वॉट-अवरची पेटी ही अर्ध्या युनिटची टाकी झाली. काही विक्रेते "२,००,००० एमएएच" असं मोठ्या अक्षरात छापतात आणि वॉट-अवर बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकतात. एमएएचला हजारानं भागा आणि सेलच्या व्होल्टेजनं गुणा. सेल ३.७ व्होल्टचा असेल तर ७४० वॉट-अवर, ३.२ चा असेल तर ६४०. सेल कोणता हे लिहिलेलंच नसेल, तर तिथंच सावध व्हा. ३.२ व्होल्टचा सेल म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला एलएफपी म्हणतात. दोन-तीन हजार वेळा भरून-उतरून तो टिकतो आणि उष्णता जरा जास्त सोसतो. घरच्या बॅकअपला मी दुसरा घेऊच देत नाही.

दुसरी तपासणी किराणा दुकानात होते. पेटी काट्यावर ठेवा. एलएफपी सेलच्या एका किलोत साधारण १२० ते १६० वॉट-अवर मावतात. म्हणजे ५०० वॉट-अवरला नुसते सेलच तीन ते चार किलो भरतात. वर इन्व्हर्टर, पंखा, खोकं. अशी पेटी चार किलोच्या आत भरली, तर पुढं काही तपासायची गरज नाही. परत पाठवा.

खरी क्षमता: पिवळ्या बल्बची परीक्षा

लागणारं सामान थोडंच आहे. प्लगमध्ये बसणारं वॉटमीटर, साधं मल्टिमीटर, वही, आणि १०० वॉटचे दोन पिवळे, जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब. हे बल्ब पोल्ट्रीवाल्यांकडं मिळतात. पिल्लांना ऊब द्यायला ते अजून हेच लावतात. एलईडीचा इथं उपयोग नाही, दोन-चार लावले तरी भार व्हायचा नाही. इस्त्रीही चालत नाही, तिचा थर्मोस्टॅट मधूनच बंद होतो आणि हिशेब बिघडतो. पिवळा बल्ब मात्र सुरू केल्यापासून बंद होईपर्यंत एकसारखा भार घेतो. मी प्लायवूडच्या तुकड्यावर दोन होल्डर ठोकून ठेवलेत, दुकानातली प्रत्येक पेटी त्याच्यावरच तपासतो.

पेटी शंभर टक्के भरा. भरून झाली की तासभर थंड होऊ द्या. मग पेटीच्या एसी, म्हणजे घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज देणाऱ्या सॉकेटात वॉटमीटर, वॉटमीटरात बल्बांचा बोर्ड. सुरू केल्याची वेळ लिहा. दर पंधरा मिनिटांनी दोन आकडे टिपा, मीटरवरचे वॉट-अवर आणि पेटीवरची टक्केवारी.

इथं एक बारीक गोष्ट आहे. पेटी संपली की मीटरचीही वीज जाते, आणि काही मीटर बंद झाले की मोजलेला आकडा विसरतात. दोन तास बसून मोजलं आणि शेवटी पडद्यावर शून्य, हे बघायचं नसेल तर टक्केवारी पाचाच्या खाली आली की दर दोन मिनिटांनी मोबाईलनं मीटरचा फोटो काढत राहा. शेवटचा फोटो हाच तुमचा निकाल.

आता निकाल वाचायचा कसा? ५१२ च्या पेटीतून ५१२ कधीच बाहेर येत नाहीत. बॅटरीची वीज डीसी असते. तिची २३० व्होल्ट एसी करताना इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो. २०० वॉटच्या भारावर ४३० ते ४४० मिळाले तर पेटी चांगली, म्हणजे शेकडा पंचाऐंशी. ४०० च्या आसपास असेल तर चालवून घ्या. ३५० च्या खाली गेली तर एकदा पूर्ण भरून परत तीच परीक्षा घ्या. नव्या पेटीची टक्केवारी पहिल्या फेरीत कधी कधी बरोबर बसलेली नसते. दुसऱ्यांदाही तेच आलं तर फोटो आणि बिल घेऊन तक्रार करा.

टक्केवारीच्या रकान्याकडंही बघा. चांगली पेटी शंभरापासून खाली एका चालीनं उतरते. काही पेट्या चाळीसपर्यंत सावकाश येतात आणि पुढं धाडकन पंधरावर. बॅटरी खराब असेलच असं नाही, पण अशा पेटीच्या पडद्यावर विश्वास ठेवून रात्री निवांत झोपता येत नाही.

हीच परीक्षा उलटीही घ्या. रिकामी पेटी भिंतीतून भरताना मीटर मध्ये लावा. ४३५ बाहेर देणारी पेटी भरायला साधारण ५६० ते ६०० घेते. चारातला एक भाग उष्णतेत जातो, ते गृहीत धरूनच चाला. भरताना पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. काही पेट्या झटपट भरायला पाच-सातशे वॉट ओढतात, आणि जुन्या घरातलं सैल सॉकेट तेवढ्यानंही तापतं. प्लग चटका देत असेल तर सॉकेट बदला, नाहीतर सावकाश भरायचा पर्याय निवडा.

लहान भारावर मोठी गळती

गिऱ्हाइकांना सगळ्यात जास्त फसवणारी जागा ही. "माझं राउटर १० वॉटचं, पेटी ५१२ ची, म्हणजे दोन दिवस निघतील," असा हिशेब लोक करतात. पण एसीचं बटण चालू केलं की इन्व्हर्टर, काही न जोडताही, स्वतःसाठी वीज खात बसतो. लहान पेटीत हे खाणं पाचापासून पंधरा वॉटपर्यंत असतं, मोठीत अजून जास्त. १२ वॉट धरा. ॲडॉप्टरसकट राउटर १२ आणि इन्व्हर्टर १२, दोन दिवसांचे एकवीस-बावीस तास झाले. तेच राउटर पेटीच्या १२ व्होल्टच्या गोल पिनेवर थेट लावलं तर इन्व्हर्टर बंदच ठेवता येतो, आणि मग खरंच पावणेदोन-दोन दिवस निघतात. तेवढी एक वायर घ्या. राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, एवढं आधी वाचा. काही ९ व्होल्टचे असतात.

तुमच्या पेटीचा इन्व्हर्टर किती खातो ते काढायला काहीच करावं लागत नाही. पूर्ण भरा, एसी चालू ठेवा, काही जोडू नका आणि झोपा. सकाळी टक्केवारी बघा. आठ तासांत १६ टक्के उतरली, तर ५१२ च्या पेटीत तो दहाएक वॉटचा खाऊ आहे.

सकाळी पेटी आपोआप बंद झालेली दिसली, तर तो दुसरा प्रकार. भार फार कमी असेल तर वीज वाचवायला ती स्वतःला बंद करते. एकटं राउटर किंवा एकटा झीरोचा बल्ब लावून दोन तास बघाच. रात्री दोन वाजता वायफायसोबत दारावरचा कॅमेराही गप्प होतो आणि सकाळी लोक कॅमेऱ्यालाच शिव्या देतात. बहुतेक पेट्यांत ही सोय सेटिंगमधून बंद करता येते.

पंख्यांचंही इथंच सांगतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे नव्या कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा, ३० च्या आसपास. दोन जुने पंखे, एक ९ वॉटचा बल्ब आणि राउटर धरलं तर १७० वॉट. ४३५ ला भागा, अडीच तास. पंखे बीएलडीसी केले की ८० वॉट, सव्वापाच तासांच्या वर. मोठी पेटी घेण्याआधी पंखे बदला. माझा धंदा पंख्याच्या वाइंडिंगचा असून सांगतोय.

फ्रिज, मिक्सर, मोटार

मोटारीची गोष्ट वेगळी. चालू असताना १०० वॉट घेणारा फ्रिजचा कॉम्प्रेसर उठताना क्षणभर सहा-आठपट मागतो. पेटीवर "५०० वॉट, क्षणिक १०००" असं लिहिलेलं असतं, पण तुमचा फ्रिज उठतो का हे फ्रिजलाच विचारावं लागतं.

फ्रिज लाईटवर चालू असताना, कॉम्प्रेसर फिरत असताना प्लग काढा. दहा मिनिटं थांबा, नळीतला दाब उतरू द्या. आतली चकती सगळ्यात थंड आकड्यावर फिरवा, म्हणजे कॉम्प्रेसर नक्की उठेल. मग पेटीवर लावा आणि फ्रिजच्या मागं कान देऊन उभं राहा. "टक्" आणि लगेच एकसारखी घरघर, तर पास. "टक्, हूंऽऽऽ, टक्" असं होऊन गप्प झालं आणि थोड्या वेळानं तेच परत, तर प्लग लगेच काढा. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, पेटीत दम नाही, आणि आतली वाइंडिंग तापतेय. हे अर्धा तास चालू दिलं तर पेटी सुखरूप राहील, फ्रिज मात्र माझ्यासारख्याकडं येईल. पास झाला तरी आणखी एकदा, या वेळी दोन पंखे आधीपासून चालू ठेवून करा. घरात लाईट जाते तेव्हा फ्रिज एकटा नसतो.

किती तास चालेल, ते फ्रिजच्या दारावरच्या ताऱ्यांच्या चिठ्ठीवर आहे. बीईई या सरकारी ऊर्जा बचत संस्थेच्या त्या चिठ्ठीवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. १८० असतील तर दिवसाला अर्धं युनिट. आठ तासांच्या रात्रीला १६५ वॉट-अवर, अधिक इन्व्हर्टरचा खाऊ १०० च्या आत. म्हणजे नवा एका दाराचा फ्रिज ५१२ ची पेटी रात्रभर सांभाळते, दार उघडझाप केली नाही तर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मात्र चिठ्ठीवरच्या आकड्यात दीडपट धरा.

अर्ध्या एचपीची पाण्याची मोटार ५०० ते १००० वॉटच्या पेटीवर लावूच नका. टाकी लाईट असतानाच भरा. काही पेट्यांत "दुप्पट वॉटचं यंत्रही चालतं" अशी सोय असते. तिथं पेटी व्होल्टेज पाडून भार कमी करते. हीटरला, इस्त्रीला ते चालतं. मोटारीला कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट, आणि त्याचा शेवट जळक्या वार्निशच्या वासात.

साइन वेव्ह शुद्ध आहे का, म्हणजे पेटीची वीज घरच्या लाईटीसारखी गुळगुळीत लाटेची आहे का, ते टेबल फॅन सांगतो. आधी लाईटवर लावा, मग पेटीवर. पेटीवर गुणगुण वाढली, पंखा जास्त तापला, तर खोक्यावर "प्युअर साइन" छापलेलं खोटं आहे.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर ५ लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॉट घेतं. ५१२ ची पेटी त्याला सव्वा तास देईल. तेवढ्यात दुसरी सोय झाली पाहिजे, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच.

उन्हाळ्याची परीक्षा

जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतात, पण खोक्यावरचे आकडे २५ अंशांच्या खोलीतले असतात. मे महिन्यात आमच्याकडं बाहेर पारा ४३-४४ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत आत बसवत नाही. एलएफपी सेल उतरताना ६० अंशांपर्यंत सोसतो, पण भरताना साधारण ४५ ही त्याची हद्द. भरताना तो स्वतःही तापतो. म्हणून दुपारी तीनला पत्र्याखाली भरायला लावलेली पेटी एकतर भरायचा वेग निम्म्यावर आणते, नाहीतर थर्मामीटरचं चिन्ह दाखवून थांबते. ही बिघाडाची खूण नाही, ती स्वतःला वाचवतेय. पण दुपारी दोनला येऊन चारला जाणाऱ्या लाईटीत पेटी भरून घ्यायचा तुमचा बेत असेल, तर तो कोलमडलाच.

म्हणून पेटी जिथं कायम राहणार, त्याच जागी, ऐन दुपारी एकदा भरून बघा. शेजारी साधा थर्मामीटर ठेवा. भरायचे वॉट दर दहा मिनिटांनी लिहा. आकडा कधी घसरतो आणि तेव्हा खोली किती अंशांवर होती, एवढं कळलं की बास. मग दिवसाचं भरणं पहाटेवर ढकला. पेटीच्या चारही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा. कपाटात, देवघराखाली, गादीला टेकवून ठेवू नका. तिच्या जाळीत धूळ आणि कापसाचा भुगा बसतो. सरकी-जिनिंगच्या आसपास राहत असाल तर दर महिन्याला कोरड्या ब्रशनं जाळी झाडा.

लोखंडी कूलर पेटीवर लावायचा मोह होतो. पेटीच्या सॉकेटातली तिसरी पिन तुमच्या घरच्या अर्थिंगला जोडलेली नसते. टेस्टर लावून बघा, दोन्ही भोकांत तो मिणमिणताना दिसेल. घाबरू नका, पेटीची वीज जमिनीपासून सुटी असते म्हणून तसं होतं. पण ओल्या लोखंडी अंगाला अर्थिंग नाही, हे खरंच आहे. कूलर लावलाच तर पाणी भरताना प्लग काढायचा, आणि लहान पोरांना लांब ठेवायचं.

लाईट जाते आणि येते तेव्हा

पेटी यूपीएससारखी वापरणार असाल तर कॉम्प्युटर तिच्यातून चालू करा, फाईल सेव्ह करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. कॉम्प्युटर चालू राहिला तर ठीक. हे चार-पाच वेळा करा, कारण एखाद्या वेळीच तो रीस्टार्ट होतो. पेटी बदल करायला १० ते ३० मिलिसेकंद घेते, आणि स्वस्त कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय तेवढा दम धरेलच असं नाही. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडतं, तेव्हाही बघा. १७० व्होल्टवर काही पेट्या भरतच नाहीत. आणि लाईट असताना पेटी ती जशीच्या तशी पुढं पाठवते, व्होल्टेज वर-खाली झालं तर ते थेट यंत्रापर्यंत पोचतं. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून टाकू नका.

एक काम मात्र कुणी सांगितलं तरी करायचं नाही. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून पेटीची वीज घरच्या सॉकेटात सोडायची नाही. मेन स्विच विसरला तर ती वीज उलटी तारेवर जाते, डीपीतून चढून कैक पटींनी वाढते, आणि खांबावर चढलेला वायरमन लाईट बंद आहे या भरवशावर असतो. पेटीवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढा. पूर्ण घर जोडायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईट किंवा पेटी, एकच जोडणारा) आणि परवानाधारक वायरमन.

सोलरची गोष्ट थोडक्यात. पॅनलच्या पाठीवर "व्हीओसी" म्हणून, काही न जोडलेलं असतानाचं व्होल्टेज लिहिलेलं असतं. ते पेटीच्या हद्दीच्या आत हवं. छतावरचे ३३० वॉटचे पॅनल ४५ व्होल्टच्या आसपास देतात आणि बऱ्याच लहान पेट्यांची हद्द ३० च्या आत असते. "एकदा लावून बघू" म्हणून लावलं की इनपुट जळतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही. उन्हात मल्टिमीटर लावून मोजा, मगच जोडा. १०० वॉटच्या पॅनलमधून मे महिन्यात ६५-७५ मिळाले तर पॅनल चांगलं आहे. पॅनल तापलं की वीज घटते. जानेवारीच्या थंड, स्वच्छ उन्हात तेच पॅनल जास्त देतं.

पावसाळ्यात पेटीचं काम नसेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामी तर अजिबात नाही. तीन महिन्यांनी काढून परत तेवढी करा. दरवर्षी होळीच्या आधी तेच दोन पिवळे बल्ब, तेच मीटर घेऊन पहिलीच परीक्षा पुन्हा घ्या आणि आकडा जुन्या आकड्याखाली लिहा. वॉरंटीत असताना ४३५ चे ३५० झाले तर वहीच्या त्या पानाचा आणि बिलाचा फोटो एकत्रच पाठवा. नुसतं "बॅकअप कमी झालाय" म्हटलं की पलीकडचा माणूस पेटी रीसेट करायला सांगून फोन ठेवतो.